काळ्या कड्यांखालचा उजेड

मोरिवली हे अंबरनाथच्या पोटातलं जुनं गाव. आता त्याच्या एका अंगाला औद्योगिक वसाहतीचे कारखाने आहेत आणि दुसऱ्या अंगाला इमारती उभ्या राहताहेत. अशा गावठाणात जी जुनी कौलारू घरं टिकून आहेत, त्यांच्या माजघरात भर दुपारी दिवा लावावा लागतो. वर पाहिलं तर भिंतीपासून भिंतीपर्यंत गेलेली जाड तुळई, तिच्यावर हात-हातभर अंतरावर टाकलेल्या सागाच्या किंवा ऐनाच्या कड्या, त्यांच्यावर माळ्याच्या फळ्या, आणि हे सगळं धुरानं, तेलानं काळं कुळकुळीत झालेलं. घरातली तरुण मंडळी म्हणतात, ‘पाडा हे आणि स्लॅब टाका, अंधारच अंधार आहे.’

स्लॅब टाकायची इतर कारणं असतील, त्यांबद्दल इथे बोलायचं नाही. पण ‘अंधार’ हे एकच कारण असेल तर घाई करू नका. खोली अंधारी होण्यात काळ्या लाकडाचा वाटा आपल्याला वाटतो त्यापेक्षा पुष्कळ कमी असतो. बाकीचा अंधार भिंती, खिडकी, फरशी आणि शेजारची भिंत यांनी मिळून केलेला असतो. तो थोड्या खर्चात घालवता येतो, आणि कड्या आहेत तशाच राहतात. कसं, ते पायरीपायरीने पाहू.

उजेड खोलीत किती वेळा उसळतो

खिडकीतून आलेला उजेड एकदा कुठेतरी पडला की संपत नाही. भिंतीवर पडतो, तिथून फरशीवर, फरशीवरून छतावर, पुन्हा भिंतीवर. दर उसळीला त्यातला काही भाग परत फिरतो आणि काही भाग तो पृष्ठभाग गिळून टाकतो. ताजा पांढरा चुना पडलेल्या उजेडातला सुमारे ८० टक्के परत देतो. काजळी धरलेलं लाकूड १० ते १५ टक्के देतं. जुना, विटलेला हिरवा-निळा ऑइलपेंट ४० टक्क्यांच्या आसपास असतो.

आता खोलीतले सगळे पृष्ठभाग मिळून सरासरी ३० टक्के उजेड परत देत असतील, तर १०० भाग उजेडाचे पहिल्या उसळीनंतर ३० उरतात, दुसरीनंतर ९, तिसरीनंतर ३. एकूण बेरीज १४३ च्या आसपास. सरासरी ६० टक्के असेल तर १०० नंतर ६०, मग ३६, मग २२, मग १३, असं करत बेरीज २५० पर्यंत जाते. खिडकी तीच, आकाश तेच, पण खोलीतला उजेड पावणेदोन पट. सगळी युक्ती या उसळ्यांत आहे.

कड्यांचा खरा वाटा

दहा बाय दहा फुटांची, नऊ फूट उंचीची खोली घ्या. चार भिंती मिळून ३६० चौरस फूट, फरशी १००, छत १००. छताला फूटभर अंतराने तीन इंच रुंद आणि चार इंच खोल अशा दहा कड्या आहेत असं धरू. त्यांचा खालून दिसणारा भाग २५ चौरस फूट, दोन्ही बाजू धरल्या तर साधारण ९०. मधल्या फळ्या ७५. म्हणजे खोलीच्या एकूण पृष्ठभागात कड्यांचा वाटा एक-सप्तमांश, भिंतींचा निम्म्याहून जास्त.

हिशेब मांडून पाहिला तर असं निघतं: फक्त भिंती विटक्या रंगावरून स्वच्छ पांढऱ्यावर आणल्या तर उजेड सुमारे १.४ पट होतो. त्यात मधल्या फळ्या पांढऱ्या केल्या आणि फरशी थोडी उजळ केली तर १.७ पट. कड्यासुद्धा रंगवून टाकल्या तर दुपटीच्या थोडा वर. कपाटं, पलंग, दोरीवरचे कपडे यांमुळे प्रत्यक्षात हे आकडे थोडे खाली येतात, पण त्यांचा क्रम बदलत नाही. भिंती पहिल्या, फळ्या दुसऱ्या, कड्या शेवटी. म्हणून सागाच्या कडीवर पांढरा रंग फासण्याआधी बाकीची कामं करून बघावीत. बहुतेक घरांत त्यानंतर कड्या रंगवण्याची गरजच वाटत नाही.

सगळ्यात काळी भिंत कोणती

खोलीच्या मधोमध उभे राहा आणि खिडकीकडे तोंड करा. खिडकीच्या दोन्ही बाजूंची भिंत जवळजवळ काळी दिसते. तिच्यावर खिडकीतला उजेड सरळ पडतच नाही, जो पोचतो तो समोरच्या भिंतीवरून उसळून. शिवाय शेजारीच लखलखीत खिडकी असल्यामुळे डोळ्याची बाहुली आकसते आणि ती भिंत आहे त्याहून काळी भासते. खोलीत उजेड असूनही ‘अंधार वाटतो’ ही तक्रार बरेचदा याच भिंतीमुळे असते.

एक सोपा प्रयोग करून बघा. दुपारी घरातली पांढरी चादर खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर चार खिळ्यांना टांगा आणि खोलीत दहा मिनिटं बसा. मग चादर काढा. फरक डोळ्यांना लगेच कळतो. तीच चादर समोरच्या भिंतीवर, मग फरशीवर अशी फिरवून पाहिली की रंगाचे पैसे आधी कुठे घालायचे हे रंगाऱ्याला विचारावं लागत नाही. मोबाइलमध्ये उजेड (लक्स या एककात) मोजण्याचं एखादं साधं ॲप असेल तर आकडेही टिपून ठेवा. त्या आकड्यांवर काटेकोर भरवसा ठेवू नये, पण आधी आणि नंतरची तुलना करायला ते पुरतात.

माती-दगडाच्या भिंतीला चुनाच उत्तम. आपल्याकडे चार महिने पाऊस कोसळतो, त्यात अशी भिंत ओल शोषते आणि उन्हाळ्यात बाहेर टाकते. तिच्यावर प्लास्टिकचा रंग चढवला की ओल आत कोंडते आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. कळीचा चुना भिजवून, मुरवून, फडक्यातून गाळून, थोडा सरस किंवा डिंक घालून पातळ हात द्यायचे, एक जाड हात देण्यापेक्षा तीन पातळ बरे. पहिला हात ओला असताना पाण्यासारखा दिसतो, काहीच लागलं नाही असं वाटतं. घाबरू नका. वाळताना तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो, हळूहळू पुन्हा चुनखडी बनतो आणि पांढरा होतो. चुना डोळ्यांना घातक आहे, तेव्हा छताजवळ काम करताना चष्मा घालायचाच. नीळ चिमूटभर पुरे. तिने पिवळटपणा जातो, पण जास्त पडली तर भिंत उजेड कमी देते. भिंतीवर आधीचा ऑइलपेंट असेल तर तो खरवडल्याशिवाय चुना धरत नाही.

खिडकीची कूस

जुन्या भिंती दीड-दीड फूट जाड. त्यामुळे खिडकी म्हणजे एक छोटा बोगदाच असतो, आणि उजेडाला त्या बोगद्यातून यावं लागतं. त्याच्या दोन्ही कुशी, वरचा भाग आणि खालचा कट्टा काळा किंवा मळका असेल तर तिथेच बराच उजेड मरतो. हे चारही भाग पांढरे करा. गवंडी हाताशी असेल आणि भिंत भक्कम असेल तर आतल्या बाजूच्या कुशी तिरप्या छाटून घ्या, म्हणजे खिडकी बाहेरून अडीच फूट आणि आतून साडेतीन-चार फूट अशी फाकते. चौकटीला धक्का लागत नाही आणि उजेड बाजूच्या भिंतींपर्यंत पोचतो.

खिडकीच्या खालच्या कट्ट्याचं काम तर बघण्यासारखं आहे. दुपारी त्या कट्ट्यावर एक कोरा पांढरा पुठ्ठा ठेवा आणि मान वर करा. कड्यांच्या मधल्या फळ्यांवर उजेडाचा एक फिकट पट्टा उमटलेला दिसेल. आकाशातून खाली आलेला उजेड कट्ट्यावर आपटून वर छताला जातो. छताला थेट उजेड कधीच मिळत नाही, त्याला जे मिळतं ते खालूनच. म्हणून कट्टा पांढऱ्या संगमरवरी तुकड्याचा किंवा पांढऱ्या टाइलचा केला तर त्या दीड-दोन फुटांचा फायदा अख्ख्या छताला होतो.

कड्या कोणत्या दिशेने गेल्यात हेही पाहा. त्या खिडकीकडून समोरच्या भिंतीकडे जात असतील तर उजेड दोन कड्यांच्या मधून सरळ आतवर जातो. आडव्या, म्हणजे खिडकीच्या भिंतीला समांतर असतील तर प्रत्येक कडी आपल्या मागच्या फळीवर सावली टाकते, आणि छत पट्ट्यापट्ट्यांनी काळं दिसतं. दुसऱ्या प्रकारात कड्यांची खिडकीकडची बाजू उजेड झेलते, म्हणून ती बाजू घासून स्वच्छ ठेवण्याचं महत्त्व वाढतं.

मच्छरजाळी विणीप्रमाणे चौथा ते तिसरा हिस्सा उजेड अडवते, धूळ बसली की आणखी. ती काढता येईल अशा चौकटीत बसवा आणि महिन्याला धुवा.

बोळ, अंगण आणि शेजारी

गावठाणात खिडकीसमोर आकाश नसतं, चार-पाच फुटांवर शेजाऱ्याची भिंत असते. अशा वेळी तुमच्या खोलीला उजेड देणारी गोष्ट म्हणजे ती भिंत. ती शेवाळलेली किंवा विटांची लाल असेल तर तुमच्याकडे येणारा उजेड आधीच खालावलेला असतो. शेजाऱ्यांशी बोला आणि आपल्या खर्चाने त्या भिंतीला चुन्याचे दोन-तीन हात द्या. घरात कुठलीही तोडफोड न करता सगळ्यात मोठा फरक पडण्याची शक्यता बोळाकडच्या खोलीत इथेच असते.

खिडकी दक्षिणेला मोकळी असेल तर अंगणाचाही उपयोग होतो. अंबरनाथ साधारण १९.२ अक्षांशावर आहे. डिसेंबरात दुपारी सूर्य दक्षिणेला सुमारे ४७ अंशांवर असतो, म्हणजे पडवीची आड नसेल तर ऊन खिडकीतून चार-पाच फूट आत येतं. जूनमध्ये तो माथ्यावरून किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो, तेव्हा दक्षिणेच्या खिडकीत ऊन येत नाही. मग जो उजेड येतो तो अंगणावरून उसळलेला. खिडकीखालच्या पट्ट्यात काळी माती असण्यापेक्षा फिकट फरशी किंवा खडी असली तर त्याचा फायदा पावसाळ्यात जास्त जाणवतो.

वरून येणारा उजेड

अंबरनाथच्या शिवमंदिरात गेलात तर एक गोष्ट मुद्दाम पाहा. शिलाहारांच्या काळात, इ.स. १०६० मध्ये उभं राहिलेलं हे देऊळ. त्याचा गाभारा मंडपापेक्षा वीसेक पायऱ्या खाली आहे आणि त्याचं शिखर अपुरं राहिल्यामुळे तो वरून उघडा आहे. इतक्या खोल जागेत बाजूच्या दारातून उजेड पोचला नसता, वरून मात्र तो थेट पिंडीपर्यंत उतरतो.

यामागे साधं कारण आहे. आभाळ पूर्ण भरलेलं असतं तेव्हा माथ्यावरचं आकाश क्षितिजालगतच्या आकाशाच्या तिप्पट उजळ असतं. खिडकीला दिसतं ते खालचं, फिकं आकाश, तेही शेजारच्या इमारतीने अर्धं झाकलेलं. कौलातून दिसतं ते माथ्याचं. म्हणून पावसाळ्यात एक काचेचं कौल खिडकीपेक्षा आपल्या आकाराच्या मानाने कितीतरी जास्त काम करतं. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात काढला. त्याच मापाची, साधारण १६ बाय १० इंचांची काचेची कौलं पुढे मिळू लागली आणि कोकणपट्टीत घरोघरी गेली. आजही कौलांच्या दुकानात ती मिळतात. जुनं कौल उचलायचं आणि त्या जागी हे बसवायचं, छपराला धक्का नाही.

दोन काळज्या घ्या. मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस सूर्य आपल्या नेमका डोक्यावर येतो. जुलैत ढग असतात, पण मे महिन्यात काचेतून सरळ ऊन खाली येतं. म्हणून बसण्या-झोपण्याच्या जागेवर काचेचं कौल नको, भिंतीलगत असावं, म्हणजे ऊन भिंतीवर पडून पसरतं. दुसरं, माजघरावर माळा असेल तर कौलातला उजेड माळ्यावरच अडतो. भात आणि गवत साठवायचं बंद झालेलं असेल तर कौलाच्या बरोबर खाली दोन कड्यांमधली एखादी फळी काढून तिथे लाकडी जाळी किंवा थरांची सुरक्षित काच बसवता येते, आणि माळ्याची आतली बाजू पांढरी केली की तो उजेड खाली उतरतो. कडी मात्र कुठेही कापू नका, ती घराचं वजन पेलते आहे.

आता लाकडाकडे

आधी लाकडाची तब्येत पाहा. हातोडीच्या दांड्याने कडीवर ठोकत जा. भरीव आवाज यायला हवा, पोकळ आला तर थांबा. कडी जिथे भिंतीत शिरते तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून पाहा. ओलीने आणि वाळवीने पहिला घास तिथेच घेतलेला असतो. टोक सहज आत गेलं तर रंगाआधी सुतार बोलवा.

मग सफाई. काजळी पाण्याने पुसायला गेलात तर ती लाकडात आणखी मुरते. आधी कोरडीच झाडायची, मऊ ब्रशने, शक्य असल्यास व्हॅक्यूमने, नाकातोंडाला मास्क बांधून. त्यानंतर सौम्य साबणाच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने रेषांच्या दिशेने पुसा आणि लगेच कोरड्या फडक्याने टिपा. धुण्याचा सोडा वापरू नका, सागासारखं लाकूड क्षाराने काळवंडतं. दोन कड्या पुसून झाल्या की सागाचा तांबूस रंग वर यायला लागतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या काळं समजलं गेलेलं लाकूड मुळात तपकिरी होतं हे दिसतं.

लाकडावर पूर्वीचा ऑइलपेंट असेल तर तो कोरडा घासू नका. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असण्याची शक्यता असते आणि त्याची धूळ लहान मुलांना फार वाईट. ओल्या पॉलिश पेपरने घासा किंवा रंग सोडवणारं रसायन वापरा.

स्वच्छ कड्यांना पुन्हा जवसाचं तेल पाजायचा मोह होतो. पण ते तेल काळानुसार गडद होत जातं, आणि आजचा काळेपणा काही अंशी त्याचाच आहे. त्याऐवजी मेणाचा पातळ हात किंवा पाण्यावर चालणारं मॅट पारदर्शक पॉलिश घ्या. कुणी तेल वापरलंच तर तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवून मगच टाका.

मधल्या फळ्यांचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे रंग. काजळी आणि तेल मुरलेल्या फळीवर साधा पाण्याचा रंग दिला की काही दिवसांत पिवळे-तपकिरी डाग वर फुटतात. आधी स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचा हात द्या, लाख डाग आत अडवून धरते. त्यावर प्राइमर आणि मॅट रंग. चमकदार रंग फळ्यांचे उंचवटे उघडे पाडतो. शुभ्र पांढऱ्यापेक्षा किंचित पिवळसर पांढरा घ्या. कड्यांच्या तपकिरीशी तो जुळतो आणि छत पट्टेरी दिसत नाही.

दुसरा मार्ग ज्यांना जुन्या फळीला हात लावायचा नाही त्यांच्यासाठी. चार मिलिमीटरच्या वॉटरप्रूफ प्लायच्या पट्ट्या दोन कड्यांमधल्या मापाने कापून, पांढऱ्या रंगवून, बारीक लाकडी पट्टीवर स्क्रूने बसवायच्या. खिळे नकोत. छप्पर गळलं किंवा वाळवी चढली तर ते पट्टीमागे लपतं, म्हणून दर पावसाळ्यानंतर एक-दोन पट्ट्या उघडून बघता आल्या पाहिजेत. पुढच्या पिढीला हे सगळं काढून टाकायचं असेल तर लाकूड जसंच्या तसं हाती येईल.

संध्याकाळचा उजेड

एका बल्बवर भिस्त ठेवली की काळं छत त्याच्या डोक्यावर तसंच राहतं आणि कोपरे विझलेले. उजेड वाटून घ्या. घरातल्या उजेडाचे भारतीय निकष असे आहेत: सहज वाचनाला १५० लक्स, अभ्यासाला ३००, शिवणकामाला ७००. म्हणजे अख्खी खोली झगमगीत करण्यापेक्षा जिथे काम तिथे जास्त उजेड हे सूत्र.

फळ्या पांढऱ्या केल्या असतील तर कडीच्या बाजूला, डोळ्यांना दिसणार नाही अशी एलईडी पट्टी ॲल्युमिनियमच्या खाचेत बसवून उजेड वर टाका. छत काळंच ठेवलं असेल तर वर टाकलेला उजेड वाया जातो. तेव्हा दिव्यांची तोंडं भिंतींकडे वळवा. दिव्याचा रंग ३००० ते ४००० केल्विनच्या दरम्यान ठेवा. ६५०० चा निळसर उजेड तपकिरी लाकडाला राखाडी करतो. वायर कडीवर खिळ्याने ठोकू नका, केसिंगमधून न्या. जुन्या कापडी वेष्टनाच्या वायरी असतील तर त्या आधी बदलून घ्या आणि गळती होताच वीज तोडणारं आरसीसीबी बसवा. कोरडं जुनं लाकूड आणि सैल जोड यांची गाठ पडू देऊ नका.

आरसा लावायचा असेल तर खिडकीच्या काटकोनातल्या भिंतीवर. अगदी समोर लावला तर त्यातला काही उजेड पुन्हा खिडकीबाहेर जातो.

कामाचा क्रम

पाऊस संपून लाकूड आणि भिंती सुकल्या की, म्हणजे दसऱ्याच्या सुमाराला, सुरुवात करा. आधी चादरीचा प्रयोग आणि लाकडाची तपासणी. मग काजळीची कोरडी सफाई, ती भिंतींच्या आधीच, नाहीतर ताज्या चुन्यावर काळी भुकटी पडेल. मग विजेचं काम, मग काचेचं कौल, मग मधल्या फळ्या, त्यानंतर भिंती आणि खिडकीच्या कुशी, आणि बोळातली शेजारची भिंत. दिवाळीपर्यंत एवढं होतं. त्यानंतर महिनाभर त्या खोलीत राहा, सकाळ-दुपार-संध्याकाळ बघा, आणि मगच कड्या रंगवायच्या की नाही ते ठरवा.

सागाची किंवा ऐनाची भक्कम कडी आज नव्याने घ्यायला गेलं तर परवडत नाही. गावच्या सुतारांनी हाताने तासून बसवलेलं ते काम एकदा पाडलं की पुन्हा उभं राहत नाही. घर पडायला आलं असेल, माणसं मावत नसतील, तर प्रश्न वेगळा. पण केवळ उजेडासाठी ते पाडण्याची गरज नाही. उजेड भिंतींतून, खिडकीतून आणि कौलांतून मिळवता येतो, आणि त्यातलं बहुतेक काम घरातली माणसं आपल्या हातांनी करू शकतात.